पाव आण्याची जुनी नाणी तांब्याच्या भावाने विकताना हिशोब कसा धरावा?

प्रश्न (रत्नागिरी): दोनेक किलो आहेत. काहींवर हिरवी भुकटी आलीय. तशीच भंगारात द्यावीत का?

उत्तर १: आधी साल बघून दोन ढीग करा. 1862 ते 1905 चा पाव आणा तांब्याचा, 6.47 ग्रॅम, किलोला साधारण 155 नाणी. 1907 पासूनचा काशाचा, 4.86 ग्रॅम, किलोला 206. व्यास जवळपास सारखाच, जाडी कमी. एकत्र नेलंत तर भंगारवाला सगळ्यालाच काशाचा भाव लावेल. चुंबकाला चिकटेल ते तांबं नव्हे.

उत्तर २: त्यात शिवराई (शिवकालापासूनचं मराठी तांब्याचं नाणं) असेल तर ती वजनावर मुळीच देऊ नका! 'श्री राजा शिव' किंवा 'छत्रपति' यातलं अर्धं अक्षर दिसलं तरी बाजूला ठेवा. आणि चिंच-आमसुलाने घासू नका. तपकिरी थर गेला की संग्राहक किंमत पाडतो. हिरवी भुकटी खाऱ्या हवेतल्या क्लोराइडमुळे येते आणि दमट हवेत नाणं पोखरत राहते. अशी नाणी वेगळी काढून डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, पाणी रोज बदला, पूर्ण सुकवून सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा. पीव्हीसीची पाकिटं नकोत.

प्रश्नकर्ता: 1957 चा नवा पैसा?

उत्तर १: काशाचाच, पण दीड ग्रॅमचा. तांब्याच्या ढिगात टाकू नका.