धुमाल एडिट विकणं कायद्यात बसते का?

आर्णी_धुमाल
राजेहो, हिट गाण्यातला आवाज सॉफ्टवेअरनं वेगळा काढून त्यावर आपल्या पोरांचा धुमाल ठेका (वरातीतल्या वाजंत्री बँडचा) टाकून राहिलो. युट्युबवर चढवतो, बाकी डीजेवाल्यांना पेनड्राइव्ह विकतो. वरातीत गाणं वाजवाले लायसन लागत नाही, मग एडिटले कायले लागन?

काळा_कोट
भाऊ, वाजवणं वेगळं, बनवणं वेगळं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२ मधली सूट धार्मिक विधी, वरात आणि लग्नाच्या कार्यक्रमात गाणं वाजवण्यापुरती आहे. तिकीट लावलेली दांडिया नाइट त्यात बसत नाही. गायकाचा आवाज मूळ रेकॉर्डिंगमधून उचलला, की कलम १४ प्रमाणे परवानगी लेबलची, म्हणजे गाण्याच्या कंपनीची लागते. "दहा सेकंद चालते" ही निव्वळ अफवा.

पेनड्राइव्ह मात्र आजच बंद करा. कलम ६३: सहा महिने ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते दोन लाख दंड. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं हा गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र ठरवला. वॉरंटशिवाय जप्ती होते, लॅपटॉपही जाऊ शकतो.

बीपीएम_१२८
युट्युबवर क्लेम (गाण्यावर लेबलचा हक्कदावा) आला तर बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो, पैसा लेबलला. स्ट्राइक, म्हणजे तक्रारीवरून व्हिडिओ काढून चॅनलला ताकीद, वेगळी: ९० दिवसांत तीन झाल्या की चॅनल उडू शकतो. पिच (सूर) वर-खाली करूनही कंटेंट आयडी, म्हणजे युट्युबची गाणं ओळखणारी यंत्रणा, अनेकदा पकडते. खाली "सर्व हक्क मूळ कंपनीचे" लिहिणं म्हणजे स्वतःच कबुलीजबाब.

आर्णी_धुमाल
मंग आपल्याच गायकाकडून गाऊन घेतलं तर?

काळा_कोट
रेकॉर्डिंगचा प्रश्न सुटतो, शब्द-चालीचा नाही. कलम ३१सी खाली कव्हर (तेच गाणं नव्यानं गाऊन रेकॉर्ड) करता येते, पण गाणं पहिल्यांदा रेकॉर्ड झालं ते वर्ष संपून पाच वर्षं व्हावी लागतात आणि किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ. गावातल्या डीजेला परवडत नाही.

पारंपरिक भुलाबाईची गाणी घ्या, मोकळी आहेत. फक्त कोणाच्या सीडीतून उचलू नका. तुकडोजी महाराजांच्या भजनांना मात्र थांबा. निधन १९६८, त्यामुळे हयातीत छापलेल्या भजनांचा हक्क २०२८ अखेरपर्यंत.

बीपीएम_१२८
ठेकेवाल्या पोरांकडूनही हक्क तुम्हाला दिल्याचा सहीचा कागद घ्या. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षंच धरतो, अन् क्षेत्र लिहिलं नाही तर फक्त भारत.