अलिशानचा ऊलाँग चहा कसा करायचा? आई म्हणते गवताचं पाणी

सदाफुली_७
मावसभाऊ तैवानला शिंचूमध्ये चिप कंपनीत आहे, दिवाळीला आला तेव्हा अलिशानचा हाय माउंटन ऊलाँग घेऊन आला, १५० ग्रॅमचं व्हॅक्यूम पॅक. गोळ्या आहेत, मिऱ्यापेक्षा जरा मोठ्या, काळपट हिरव्या, काहींना शेपटीसारखा देठ. पॅक फोडल्यावर वास भारी आला, लोणी आणि फुलं असं काहीतरी. आईने पहिल्याच दिवशी पातेल्यात टाकून आलं-दूध-साखर घालून उकळला, कुणाच्याच घशाखाली उतरला नाही. मग मी ग्रीन टीसारखा मोठ्या मगमध्ये एक चमचा, ८० डिग्रीचं पाणी, २ मिनिटं असं केलं तर नुसतं पिवळट पाणी आणि गोळ्या अर्ध्यामुर्ध्या उघडलेल्या. आई म्हणे गवताचं पाणी प्यायला एवढ्या लांबून आणायची काय गरज होती. भाऊ म्हणतो तिकडे हा महाग असतो. माझं चुकतंय कुठे?

टपरीवाला
ऊलाँग म्हणजे ग्रीन टीचाच भाऊ, उकळतं पाणी घातलंत तर कडू जहर होईल. ८० च्या वर जाऊच नका, चमचे वाढवा.

कपबशी
टपरीवाले, राग मानू नका पण ८० नेच तिचा घोळ झालाय. मी दोन वर्षं ताइचुंगला होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. तिकडे चहाच्या स्पर्धांमध्ये परीक्षक ३ ग्रॅम चहावर १५० मिली उकळतं पाणी ओततात आणि ५-६ मिनिटं ठेवतात, म्हणजे दोष असेल तर लपायला जागाच नको. चांगला चहा त्यातूनही गोड निघतो.

आणि हा ग्रीन टी नाही. पानं उन्हात मलूल करतात, मग आत आणून थोड्याथोड्या वेळाने घोळवतात, त्यात कडा चेचल्या जातात आणि तेवढ्याच लाल पडायला लागतात, मग तापवून ते थांबवतात. त्यानंतर फडक्यात गच्च बांधून दाबून वळायचं, सोडायचं, परत बांधायचं, असं तासन्‌तास, तेव्हा कुठे ती गोळी होते. इतकं घट्ट वळलेलं पान कोमट पाण्याला काय दाद देणार! चहा पिऊन झाला की एक पान बशीत उलगडून बघा, एका देठाला दोन-तीन पानं जोडलेली दिसतील, मधे हिरवी आणि कडेला कुठेकुठे तांबूस. तोच ऊलाँग.

डोंगराचं म्हणाल तर १००० मीटरच्या वर पिकतो त्याला तिकडे हाय माउंटन म्हणतात. अलिशानचे बरेच मळे साधारण आपल्या महाबळेश्वरच्या उंचीवर आहेत, लीशानचे काही २००० च्या वर, म्हणजे कळसूबाई खाली राहिली! दुपारनंतर धुकं उतरतं, रात्री गार, पान सावकाश वाढतं, जाड होतं, त्यात तुरटपणा कमी आणि गोडवा जास्त उतरतो. म्हणून उकळत्या पाण्याला भ्यायचं नाही.

आता कृती. मोठा मग नको. १००-१२० मिलीचा चिनी मातीचा कप आणि वर झाकायला बशी, बस. त्यात ६ ग्रॅम. गोळ्यांनी जेमतेम तळ झाकला जाईल, कमी वाटलं तरी वाढवू नका, तिसऱ्या पाण्याला पानं बशी उचलायला लागतात. खळखळतं पाणी घालून ५ सेकंदांत ओतून टाका. पहिलं पाणी ५० सेकंद, दुसरं ४० कारण गोळी आता उघडलेली असते, मग दर वेळी १०-१५ सेकंद वाढवत जा. पाच-सहा पाणी आरामात निघतात. आणि दर वेळी सगळं गाळून घ्या हं, पानं पाण्यात बसली की मग टपरीवाले म्हणतात तसं होतं. प्यायलेला रिकामा कप नाकाला लावा, खरी मजा तिथे आहे.

मनीमाऊ
लोण्याचा वास म्हणताय तर तो जिनश्वान असेल का? १९८१ साली तिकडच्या चहा संशोधन केंद्राने काढलेलं वाण, १२ नंबर. त्याला मुळातच दुधाळ वास असतो, पण बाजारात मिल्क ऊलाँग म्हणून एसेन्स मारलेलाही खूप विकतात. ओळखायचं सोपं आहे, एसेन्सवाला दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला गप्प होतो.

सदाफुली_७
केला काल!! पातेलं थेट गॅसवरून उचलून ओतलं. पहिलं पाणी ठीक, दुसऱ्याला घरभर वास, मोगऱ्यासारखा पण तेवढा डोक्यात जाणारा नाही. चौथ्यापर्यंत वास होता, म्हणजे एसेन्स नसावा @मनीमाऊ. गिळल्यावर थोड्या वेळाने घशात गोड येतं ते भाऊ सांगत होता ते पण कळलं. आईने तीन कप घेतले आणि म्हणाली चांगलंय, पण ह्याला चहा म्हणू नका, माझा चहा टाका आता. उरलेली पानं तुळशीला घालते म्हणतेय, घालू देऊ का?

कपबशी
आधी त्यांच्यावर गार पाणी घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी ते प्या. मग तुळस.




टपरीवाला
बरं बाबा, हरलो. माझ्याकडचा डबा उकळत्या पाण्यात करून बघतो.