गावातील माणसांचे आयुष्य वाढावे म्हणून ग्रामपंचायतीने आधी काय करावे?

वैनगंगाकाठ (भंडारा जिल्हा)
नमस्कार. मी आमच्या ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. येत्या ग्रामसभेत आरोग्यासाठी ठेवलेल्या निधीचा विषय आहे आणि बहुतेकांचा कल शाळेजवळ व्यायामाची लोखंडी साधने बसवण्याकडे आहे. पण आमच्याकडे दिवसभर धानाच्या बांधीत राबणारी पन्नाशीतली माणसे लकव्याने आडवी होत आहेत. त्यांना व्यायाम कमी पडला असे कसे म्हणावे? आयुष्य सवयींनी वाढते की शासनाच्या धोरणाने, आणि त्यातले गावाच्या हातात किती आहे?

उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी
सदस्य महोदय, लकव्यामागे बहुतेकदा वाढलेला रक्तदाब असतो आणि त्याचा त्रास जाणवत नसल्याने माणूस तपासायला येतच नाही. भंडारा आणि वर्धा हे जिल्हे भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या टप्प्यापासून आहेत. तीस वर्षांवरील लोकांची तपासणी आणि गोळ्या सरकारी केंद्रात मोफत आहेत. धोरणाने एवढे केले आहे. अडते ते पुढे: रोवणी लागली की गोळ्या संपतात, उपकेंद्राच्या वेळेत माणूस चिखलात असतो, आणि महिन्याभराने ‘आता बरे वाटते’ म्हणून तो गोळी कायमची सोडतो. ग्रामसभेने रोवणी-कापणीच्या दिवसांत सायंकाळच्या तपासणीची मागणी ठरावाने करावी आणि रक्तदाबाचे एक चांगले यंत्र आशाताईंच्या हाती द्यावे, असे मला कळकळीने वाटते.

निवृत्त शिक्षक, सेलू
यात मिठाची भर घालतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. आपल्या ताटातले लोणचे, पापड आणि वाळवणाची मिरची मोजली तर ते दुपारीच संपते. जपानमधील नागानो हा थंडीचा, डोंगराळ प्रांत आहे. तेथे हिवाळाभर खारवलेल्या भाज्या खात आणि पक्षाघाताने माणसे फार जात. गावोगावच्या स्त्रिया आरोग्य स्वयंसेविका झाल्या, त्यांनी घरोघरी जाऊन रोजच्या मिसो सूपमधले (आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट सारातले) मीठ मोजून दाखवले, आणि पुढे हाच प्रांत जपानमधील सर्वाधिक आयुर्मानाच्या प्रांतांत गणला गेला. जपानने १९६१ मध्ये सर्वांना आरोग्य विमा दिला होता हे खरे. तरी स्वयंपाकघरातला बदल शेजारच्या बाईनेच घडवला. आपले बचत गट हे काम उद्या करू शकतात, आणि पापडही बहुधा तेच लाटतात.

चंद्रपूरकर
खर्ऱ्याचे काय, दादा? राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून दिलेला खर्रा प्रत्येक ठेल्यावर मिळतो आणि आठवी-नववीची मुले तो गालात धरून वर्गात बसतात. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, हा २००३ चा कायदा आहे. गडचिरोलीत मुक्तिपथ अभियानातून कित्येक गावांनी विक्री थांबवली. ठेलेवाल्याला दुसरा धंदा सुचवूनच हे करावे, नाही तर विक्री घरातून सुरू होते.

वैनगंगाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. यंत्राचा आणि सायंकाळच्या वेळेचा ठराव मी मांडतो. शाळेच्या फाटकासमोरचा ठेला माझ्याच चुलतभावाचा आहे. ग्रामसभेआधी त्याच्याशी बोलणे मला भाग आहे. ठेला बंद करून कोणी किराणा किंवा चहाचे दुकान नीट चालवले असेल, तर कृपया येथे लिहावे.