बडतर्फ, निवृत्त की हद्दपार? जर्मन ग्रंथपालांच्या चरित्रनोंदींतले शब्द

अर्धविराम
१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर नोकरी गेलेल्या जर्मन विद्यापीठ-ग्रंथपालांच्या छोट्या चरित्रनोंदी मराठीत आणायच्या आहेत. मूळ मजकुरात कुठे 'एन्टलासेन' आहे, कुठे 'इन डेन रूहेष्टांट फेरझेट्स्ट', तर कुठे नुसतंच 'बॉयरलाउब्ट'. मसुद्यात तिन्हींना सरसकट 'बडतर्फ' लावलंय. चालेल?

दप्तरदार
नाही चालणार. तिन्ही शब्दांमागे वेगळा कागद आहे आणि वेगळा पैसा.

'बॉयरलाउब्ट' म्हणजे सक्तीची रजा. पद शाबूत, पण माणसाने उंबरा ओलांडायचा नाही. बहुतेकदा ही पहिली पायरी असे.

पुढचे दोन शब्द ७ एप्रिल १९३३ च्या कायद्यातले. त्याचं नावच 'व्यावसायिक नोकरशाही पूर्ववत करण्याचा कायदा'. नावावर जाऊ नका. कलम ३ 'अनार्य' कर्मचाऱ्यांसाठी होतं आणि तिथे क्रियापद आहे 'निवृत्तीत धाडणे'. कलम ४ राजकीयदृष्ट्या नकोशा माणसांसाठी, तिथे 'एन्टलासेन', म्हणजे काढून टाकणे. कलम ४ मध्ये तीन महिने पगार चालू, मग नेहमीच्या निवृत्तिवेतनाचा तीन चतुर्थांश. कलम ५ म्हणजे बदली, तीही खालच्या पदावर चालेल अशी. कलम ६ प्रशासन सुटसुटीत करण्याच्या नावाखाली निवृत्ती. बाकी काही लागू होत नसलं की हे हाताशी होतंच.

कलम ४ मधलं 'ऱ्युकहाल्टलोस' हे क्रियाविशेषण जपून उतरवा. राष्ट्रीय राज्यामागे कोणत्याही क्षणी 'हातचं न राखता' उभा राहील याची हमी ज्याच्या आजवरच्या राजकीय वागण्यातून मिळत नाही, तो जाणार. 'पूर्णपणे', 'बिनशर्त' यांपेक्षा 'हातचं न राखता' चपखल बसतं. मूळ शब्दातही मागे राखून ठेवण्याचीच कल्पना आहे.

कोशवाचक
'बडतर्फ' मुळात फारसी 'बर-तरफ', म्हणजे बाजूला. जुना अर्थ इतकाच. पण आज त्याला कायद्याची धार आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये तीन वेगळ्या शिक्षा आहेत: सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणे आणि बडतर्फी. काढून टाकलेला माणूस पुन्हा सरकारी नोकरीला अपात्र ठरत नाही, बडतर्फ झालेला सामान्यतः ठरतो. शिवाय आपल्याकडे 'बडतर्फ' ऐकलं की गैरवर्तन आणि विभागीय चौकशी डोळ्यांसमोर येते. या ग्रंथपालांवर गैरवर्तनाचा आरोपच नव्हता. आजीआजोबांपैकी एक ज्यू निघाला की ११ एप्रिल १९३३ च्या अंमलबजावणी आदेशानुसार तो 'अनार्य' ठरे. म्हणून कलम ३ ला 'सक्तीने निवृत्त', कलम ४ ला 'सेवेतून काढले'.

अर्धविराम
पण 'निवृत्त' लिहिलं की वाचकाला वाटेल, पेन्शन घेऊन आरामात घरी बसला.

दप्तरदार
हो, खरी मेख तिथेच आहे. 'रूहेष्टांट' म्हणजे शब्दशः विसाव्याची अवस्था. पण कलम ८ सांगतं की कलम ३ किंवा ४ खाली गेलेल्याची दहा वर्षं सेवा भरली नसेल तर निवृत्तिवेतन नाही. वरच्या श्रेणीचा ग्रंथपाल व्हायला आधी डॉक्टरेट, मग साधारण दोन वर्षांची उमेदवारी. त्यामुळे तिशी-पस्तिशीतला माणूस या अटीत हमखास अडकायचा: कागदावर निवृत्त, हातात शून्य. नोंदीत सेवेची वर्षं दिली असतील तर ती गाळू नका.

अपवादही पाहा. १ ऑगस्ट १९१४ पूर्वीपासून सेवेत असलेले, पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेले, ज्यांचे वडील किंवा मुलगा त्या युद्धात पडले असे लोक कलम ३ मधून सुटले. ती सूट टिकली १९३५ च्या अखेरपर्यंत. म्हणून एखाद्या नोंदीत '१९३३' ऐवजी '३१ डिसेंबर १९३५' दिसली तर छपाईची चूक समजून दुरुस्त करू नका.

मुद्रितशोधक
स्त्रियांच्या नोंदींत 'ग्रंथपालिका' नको. बॉन विद्यापीठ ग्रंथालयातल्या इतिहासकार हेलेन व्हीरुशोव्स्की यांचीही नोकरी अशीच गेली. त्या पुढे स्पेन, इटली करत अमेरिकेला पोचल्या. 'ग्रंथपाल व्हीरुशोव्स्की यांना' पुरेसं आहे.

पदांचं म्हणाल तर एकटा 'ग्रंथपाल' पुरत नाही. आपल्याकडे विद्यापीठाचा ग्रंथपाल म्हणजे प्रमुख. तिकडचा प्रमुख 'डिरेक्टोर', त्याला संचालक म्हणा. 'बिब्लिओटेक्सराट' हा त्याच्या हाताखालचा कायम नेमणुकीचा ग्रंथपाल, 'फोलोंटेअर' हा उमेदवार. त्याला 'स्वयंसेवक' केलं की घोटाळा झालाच.

अर्धविराम
आता १९४५ नंतरचं. 'मिटलॉयफर' ला 'सहप्रवासी' केलंय. 'होयबा' बरा वाटतो का?

कोशवाचक
दोन्ही नकोत. 'होयबा' ही शिवी झाली, 'सहप्रवासी' बसमधला. युद्धानंतर जर्मनीच्या अमेरिकन ताब्यातल्या विभागात नाझींशी असलेल्या संबंधांची छाननी झाली. तिच्या ५ मार्च १९४६ च्या कायद्यात माणसांचे पाच गट होते आणि 'मिटलॉयफर' हा चौथा. कायद्याची व्याख्याच सांगते की याचा सहभाग नुसता नावापुरता होता. म्हणून 'नामधारी अनुयायी'. सत्तेचा फायदा उपटणाऱ्याला वेगळा शब्द आहे, 'नुट्सनीसर', आणि तो दुसऱ्या गटात मोडतो. वाहत्या गंगेत हात धुणारा तो हा. दोघांची अदलाबदल झाली तर एखाद्या ग्रंथपालाची अख्खी कारकीर्द उलटी दिसेल.

मुद्रितशोधक
'पेर्सिलशाइन' सुद्धा येईल. पेर्सिल ही कपडे धुण्याची पावडर. आपण नाझी नव्हतो असं सांगणारी ओळखीपाळखीच्यांची पत्रं लोक गोळा करत, त्यांना हे थट्टेचं नाव. आपल्याकडे 'धुतल्या तांदळाचा दाखला' तयार आहे. पावडर गेली, पण धुणं राहिलं.

'गिफ्टश्रांक' म्हणजे विषाचं कपाट, ग्रंथालयातल्या निषिद्ध पुस्तकांचं कुलूपबंद कपाट. त्याला 'जप्त पुस्तके' म्हणू नका. पुस्तक ग्रंथालयातच असे, फक्त अभ्यासाचं कारण दाखवून परवानगी काढावी लागे. १३ मे १९४६ च्या दोस्त राष्ट्रांच्या आदेशानंतर नाझी साहित्य वाचकांपुढून काढायची पाळी आली. म्हणजे कुलूप तेच, आतला माल बदलला.

अर्धविराम
यादीत परीकथावाल्या ग्रिम बंधूंपैकी याकोब ग्रिमही आहेत. १८३७, ग्योटिंगन. तिथे तरी 'बडतर्फ' चालेल?

दप्तरदार
तिथे त्यातल्या त्यात चालेल, तरी 'पदावरून दूर केले' बरं. याकोब प्राध्यापक आणि ग्रंथपाल, धाकटे व्हिल्हेल्म आधी उपग्रंथपाल, मग प्राध्यापक. हॅनोव्हरचा नवा राजा एर्न्स्ट आउगुस्टने १८३३ चं संविधान रद्द केलं. सात प्राध्यापकांनी १८ नोव्हेंबर १८३७ च्या निवेदनात कळवलं की त्या संविधानाला वाहिलेली शपथ आम्हाला अजून बांधते. डिसेंबरात सातही जणांना काढलं. याकोब, डालमान आणि गेर्विनुस या तिघांना तीन दिवसांत राज्य सोडायला सांगितलं. व्हिल्हेल्मना नाही. तेव्हा 'ग्रिम बंधूंना हद्दपार केले' हे वाक्य चूक.

'तडीपार' तर मुळीच नको, त्याला पोलिसी वास येतो. इथे खरोखर राज्याची हद्द ओलांडायची होती: हॅनोव्हर सोडून हेसेमधल्या कासेलला.

कोशवाचक
'एन्टलासेन' साठी मग ग्रिमांचाच कोश उघडा. नोकरी गेल्यावर १८३८ मध्ये लाइपझिगच्या प्रकाशकांनी दोघा भावांपुढे जर्मन शब्दकोशाचा प्रस्ताव ठेवला, तोच हा. 'ड' चा भाग व्हिल्हेल्मचा. 'ए' पासून पुढे 'फ्रुख्ट' या शब्दापर्यंत, म्हणजे १८६३ मध्ये मृत्यूने गाठेपर्यंत, याकोब यांनी एकट्याने लिहिलं. १८६२ चा तिसरा खंड काढा. त्यातली 'एन्टलासेन' ही नोंद पदावरून काढलेल्या त्याच माणसाच्या हातची आहे.