परदेशात अशांतता पेटली : थांबायचं की निघायचं?

लिंबोणी
परदेशात वातावरण तापलं की ‘आहात तिथेच थांबा, दूतावासाच्या सूचनांची वाट बघा’ असं जो तो सांगतो. मला हे पटत नाही. नेहमीची विमानं उडताहेत तोवर स्वतःच्या पैशाने निघणं यासारखी सुरक्षित गोष्ट नाही.

युक्रेनचंच बघा. भारतीय दूतावासाने १५ फेब्रुवारी २०२२ ला पहिली सूचना काढली : राहणं अत्यावश्यक नसेल तर तात्पुरते निघा. २० तारखेला पुन्हा तेच. २४ ला रशियाचा हल्ला आणि हवाई हद्द बंद. नऊ दिवस हातात होते! नंतर उरली ती गच्च भरलेली रेल्वे आणि सीमेवरच्या रांगा. २ मार्चला तर खारकीव शहरातल्या भारतीयांना ‘संध्याकाळी सहाच्या आत पिसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदिव्का या जवळच्या वस्त्या गाठा, वाहन नसेल तर चालत जा’ असं सांगायची वेळ आली.

माझा हिशोब सरळ आहे. परकीय दूतावास आपल्या कर्मचाऱ्यांची कुटुंबं परत पाठवू लागले, विमान कंपन्यांनी रात्रीच्या फेऱ्या बंद केल्या, बँकांनी पैसे काढण्यावर मर्यादा घातली, यांतलं काहीही दोन दिसलं की बॅग भरा. आणि थेट घरच्या विमानाचा हट्ट नको, शेजारच्या कुठल्याही शांत देशाचं तिकीट चालेल.

अर्धविराम
असहमत. घडून गेल्यावर नऊ दिवस मोजणं सोपं आहे. ‘अत्यावश्यक नसेल तर’ या शब्दांचा अर्थ विद्यार्थ्याने काय लावायचा? कित्येक विद्यापीठं वर्ग ऑनलाइन घ्यायला तयार नव्हती, हजेरी बुडण्याची भीती होती आणि तिकिटं भडकली होती.

दुसरं म्हणजे नऊ दिवस मिळतातच असं नाही. सुदानच्या राजधानीत, खार्तूममध्ये, १५ एप्रिल २०२३ ला लढाई सुरू झाली तीच विमानतळावरही. त्या सकाळी जो बॅग घेऊन विमानतळाकडे निघाला तो थेट गोळीबाराच्या दिशेने निघाला. ‘घराबाहेर पडू नका, अन्न पुरवून वापरा’ हाच सल्ला तिथे बरोबर होता. भारतीयांना बाहेर काढायची मोहीम, ऑपरेशन कावेरी, जाहीर झाली २४ एप्रिलला. मग खार्तूम ते पोर्ट सुदान साधारण ८५० किलोमीटर बस आणि तिथून जहाजाने किंवा वायुसेनेच्या विमानाने सौदी अरेबियातलं जेद्दा.

उलट टोकाचं उदाहरण काठमांडूचं. सरकारविरोधी आंदोलन पेटलं आणि ९ सप्टेंबर २०२५ ला विमानतळ बंद झाला, दुसऱ्या दिवशी उघडलासुद्धा. त्या रात्री घाबरून गाडी करून सीमेकडे निघणं म्हणजे जळते टायर शोधत जाणं.

लिंबोणी
काठमांडूत त्याच दिवशी एक मोठं हॉटेलही जाळलं गेलं, हे सोयीस्करपणे विसरलात.

अर्धविराम
विसरलो नाही. म्हणून तर म्हणतो, ‘थांबा’ म्हणजे बड्या हॉटेलात, संसदेजवळ किंवा मुख्य चौकात थांबा असं नव्हे. दोन-तीन किलोमीटर सरकून एखाद्या निवासी गल्लीत, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर थांबणं हेही थांबणंच. तळमजल्यावर जमाव शिरतो, वरच्या मजल्यांवरून आगीत उतरता येत नाही. देश सोडणं आणि जागा सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिरपा पाऊस
मूळ वादात पडत नाही, पण थांबायचंच असेल तर नीट थांबा. गोळीबार किंवा तोफमारा असेल तर तुमच्यात आणि रस्त्यात दोन भिंती हव्यात : पहिली स्फोटाचा दणका घेते, दुसरी उडालेले तुकडे अडवते. बहुतेक घरांत अशी जागा म्हणजे आतला बोळ. बाथरूम सुचवतात, पण तिथला आरसा आणि टाइल्स फुटून अंगावर येतात, त्यामुळे बोळ मिळत असेल तर बोळच. काचांवर चिकटपट्टी लावून काच फुटायची थांबत नाही. जाड पडदे ओढा आणि अंथरूण खिडकीपासून लांब न्या. काय चाललंय ते बघायला खिडकीशी जाणं, हीच चूक सर्वांत जास्त होते.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरा, पिणं आणि स्वयंपाक मिळून. वीज गेली की पंप थांबतो आणि टाकीतलं पाणी संपेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून पहिल्या तासात बादल्या, पातेली, असेल ते भरून ठेवा.

२०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर ५,००० एमएएचचा फोन चार वेळा भरेल असं समजू नका. व्होल्टेज बदलताना बरीच ऊर्जा जाते, अडीच वेळा भरला तरी पुष्कळ. विमानात साधारणपणे १०० वॅट-अवरपर्यंतची, म्हणजे जवळपास २७,००० एमएएचची चालते, तीही हातातल्या सामानातच. फोन विमान मोडवर ठेवून तासातून एकदाच चालू करा. कमजोर सिग्नल शोधतानाच बॅटरी सर्वांत जास्त खर्च होते.

कागदपत्री
दोघेही ‘निघा’ आणि ‘थांबा’ म्हणताय, पण निघता येतं का, हे आधी बघा. काही देशांत बाहेर पडायलाही परवाना लागतो. पासपोर्ट नोकरी देणाऱ्या मालकाच्या कपाटात असला तर लिंबोणींचे नऊ दिवस कपाटाच्या किल्लीवर अवलंबून. दुसऱ्या देशाच्या व्हिसासाठी पासपोर्ट परकीय वकिलातीत दिलेला असेल तर आणखी पंचाईत, कारण वकिलाती आधी स्वतःला कुलूप लावतात.

पासपोर्ट नसेल तर आपला दूतावास एकेरी प्रवासाचं तात्पुरतं कागदपत्र देऊ शकतो. त्यासाठी ओळख पटवावी लागते, म्हणून पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, व्हिसाचं पान, शेवटचा प्रवेश-शिक्का यांची छायाचित्रं फोनमध्ये, ईमेलमध्ये आणि देशाबाहेरच्या एका नातेवाइकाकडे ठेवा. एक झेरॉक्स कागदावरही हवी. तेहरानवर हल्ले सुरू असताना, जून २०२५ मध्ये, इराणमध्ये इंटरनेट जवळजवळ संपूर्ण बंद होतं. क्लाउडवरचा पासपोर्ट तेव्हा काय कामाचा?

दुहेरी नागरिकत्व असेल आणि ज्या देशात अडकलात त्याचेही तुम्ही नागरिक असाल, तर दुसऱ्या देशाच्या दूतावासाचे हात बांधलेले असतात. आणि विमा : बहुतेक प्रवास विम्यांत युद्ध वगळलेलं असतं. ती अट आत्ता वाचा.

लिंबोणी
कागदपत्रींचं मान्य. माझ्या ‘निघा’च्या आधी ‘पासपोर्ट ताब्यात घ्या’ हे यायला हवं होतं. पण त्यातूनही माझाच मुद्दा पुढे येतो, हे सगळं शांततेत करायचं काम आहे.

दूतावासाच्या नोंदणीबद्दल कुणीच बोललं नाही. नोंदणीत फक्त स्थानिक मोबाइल नंबर देऊ नका, नेटवर्क पडलं की तो मुका. देशाबाहेरच्या एका माणसाचा नंबरही द्या आणि राहती जागा बदलली की कळवा. बसच्या याद्या वस्तीनिहाय होतात. खार्तूममध्ये नाईलच्या कुठल्या बाजूला आहात यावर सगळं ठरत होतं, पूल ओलांडणं हाच सर्वांत धोक्याचा टप्पा.

अर्धविराम
हे पटलं. रस्त्याने जायचंच असेल तर दिवसा, टाकी भरून, आणि दोन गाड्या सोबत असतील तर उत्तम. तपासणी नाक्यावर लांबूनच वेग कमी करा. अंधार पडलाच तर हेडलाइट मंद आणि गाडीतला दिवा चालू, म्हणजे समोरच्याला आत कोण आहे ते दिसतं. काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. पासपोर्ट डॅशबोर्डच्या खणात ठेवू नका. खणात हात घालताना समोरच्याला तुम्ही पासपोर्ट काढताय की पिस्तूल, हे कळत नाही. आधीच काढून समोर वर ठेवा. लष्करी रंगाचे कपडे आणि बॅगा नकोत.

रोकड लहान नोटांत, दोन-तीन ठिकाणी वाटून. डॉलर असतील तर नव्या, न फाटलेल्या नोटा. जुन्या छपाईची शंभरची नोट बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत.

तिरपा पाऊस
फोनचं काय? नाक्यावर गॅलरी उघडायला लावतात.

कागदपत्री
सैनिक, नाके, क्षेपणास्त्र पडलेली जागा यांचे फोटो मुळात काढूच नका. लष्कराच्या हालचालींची छायाचित्रं पसरवणं युक्रेनमध्ये मार्च २०२२ पासून फौजदारी गुन्हा आहे. सॅटेलाइट फोनही विनापरवाना नको, काही देशांत तो नुसता जवळ सापडला तरी अटक होते. अटक झालीच तर ‘माझ्या दूतावासाला कळवा’ हे वाक्य स्थानिक भाषेत पाठ हवं. वकिलाती संबंधांवरच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ प्रमाणे तो तुमचा हक्क आहे, पण मागितल्याशिवाय कळवलं जाईलच असं नाही.

लिंबोणी
आणि ते वाक्य कागदावरही लिहून ठेवा. बंदूक समोर असताना पाठ केलेलं आठवत नाही.