मानसोपचार परिचर्येत पदव्युत्तर शिक्षण : गोव्यातून कोणती वाट धरावी?

वाळपईची परिचारिका यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी बी.एस्सी. नर्सिंग केले असून काही वर्षांपासून सरकारी सेवेत स्टाफ नर्स आहे. बांबोळीच्या मानसोपचार वॉर्डात नेमणूक झाली तेव्हा सुरुवातीला बदलीची वाट पाहत होते. आता मात्र याच विषयात पुढे शिकावे, असे मनाने घेतले आहे. माझी एक वर्गमैत्रीण अमेरिकेत परिचारिका आहे. तिच्याकडून कळले की तिथे ‘सायकियाट्रिक मेंटल हेल्थ नर्स प्रॅक्टिशनर’ ही पदव्युत्तर पात्रता मिळवलेली परिचारिका स्वतः रुग्ण तपासते, निदान करते, औषधे लिहून देते आणि समुपदेशनाची सत्रेही घेते.

आपल्याकडे याच्या तोडीचा अभ्यासक्रम आहे का? बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतून किंवा अन्यत्र मानसोपचार परिचर्येत एम.एस्सी. केली, तर या कामातला किती भाग मला गोव्यात कायद्याने करता येईल? शिवाय एका सल्लागार संस्थेने मला सांगितले आहे की अमेरिकन विद्यापीठाचा हा अभ्यासक्रम इथली नोकरी सांभाळून घरबसल्या ऑनलाइन पूर्ण होतो. सांगितलेले शुल्क आमच्या घराच्या आवाक्याबाहेरचे आहे, पण कर्ज काढण्याची तयारी आहे. मुलगी शाळेत आहे, सासूबाईंचे वय झाले आहे. त्यामुळे गोवा सोडायचा असेल, तर त्यातून नेमके काय हाती लागणार आहे ते आधी समजून घ्यायचे आहे.

फोंड्याच्या अध्यापिका यांचे उत्तर

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पैसे तिथेच अडकण्याचा धोका आहे. या अभ्यासक्रमाची व्याख्याने ऑनलाइन ऐकता येतात, हे खरे आहे. परंतु प्रवेशासाठीच बहुतेक सर्व विद्यापीठे अमेरिकेतील एखाद्या राज्याचा चालू परिचारिका-परवाना मागतात, आणि तो एनसीएलईएक्स-आरएन ही परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज मिळत नाही. शिवाय पदवीनंतरच्या राष्ट्रीय प्रमाणन परीक्षेला बसायचे, तर मान्यताप्राप्त मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान ५०० तास भरलेले असावे लागतात. हे तास बांबोळीच्या वॉर्डातल्या आपल्या नेहमीच्या ड्युटीतून भरून निघतील, असे कोणी सांगत असेल, तर त्या विद्यापीठाचे तसे लेखी पत्र मागा. ते हाती पडेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

आता तोडीच्या अभ्यासक्रमाविषयी. भारतीय परिचर्या परिषदेने ‘नर्स प्रॅक्टिशनर’ ही संकल्पना आणली ती प्रामुख्याने अतिदक्षता विभाग आणि प्रसूतिसेवा यांसाठी. मानसोपचारासाठी आपल्याकडे दोन मार्ग आहेत : एक वर्षाची पोस्ट बेसिक पदविका आणि दोन वर्षांची एम.एस्सी. एम.एस्सी.साठी बी.एस्सी.ला किमान ५५ टक्के गुण आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. तुमचा अनुभव तर त्याहून पुष्कळ अधिक आहे. निम्हान्सची प्रवेश परीक्षा स्वतंत्र असते आणि जागा थोड्या असतात. आसामात तेजपूरच्या मानसिक आरोग्य संस्थेतही हे शिक्षण मिळते. बांबोळीच्या परिचर्या शिक्षण संस्थेची आणि बेळगावच्या केएलई संस्थेची त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका अवश्य पाहा, कारण घराच्या दृष्टीने तेच सोयीचे पडेल.

इथे एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. परिषदेच्या अनेक वर्षे चालत आलेल्या एम.एस्सी. अभ्यासक्रमात निवडलेल्या विशेष विषयाचे प्रात्यक्षिक पहिल्या वर्षी ६५० तास आणि दुसऱ्या वर्षी ९५० तास असे धरलेले आहे. म्हणजे तास मोजायला बसलो, तर आपली विद्यार्थिनी अमेरिकन विद्यार्थिनीच्या कितीतरी पुढे आहे. तरीही दोन वर्षांनी बाहेर पडते ती मुख्यतः शिक्षिका किंवा पर्यवेक्षिका होऊन. याचे कारण त्या तासांत तिच्यावर कोणता निर्णय सोपवला जातो, यात आहे. आपल्याकडे ती रुग्णाची मनोवस्था तपासते, परिचर्येचा आराखडा लिहिते, पाठ घेते. परंतु ‘हे निदान का, हे औषध का, आणि उतार पडला नाही तर पुढे काय’ या प्रश्नांची उत्तरे देण्याची जबाबदारी तिच्यावर कधी येत नाही. त्यात अध्यापनशास्त्र, व्यवस्थापन आणि प्रबंध यांनाही याच दोन वर्षांत जागा द्यावी लागते. मी स्वतः शिकवते, म्हणून हे थोडे कडवटपणे लिहिते आहे.

कायद्याचे म्हणाल, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मुळाबरहुकूम वाचा. त्यातील ‘मानसिक आरोग्य परिचारिका’ या व्याख्येत मान्यताप्राप्त सामान्य परिचर्येची पदविका किंवा पदवीसुद्धा बसते. कलम ५५ प्रमाणे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी झाली की अशी परिचारिका ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ ठरते, आणि कलम ८९ खालच्या प्रवेशासाठी (म्हणजे स्वतः निर्णय घेण्यास मोठ्या आधाराची गरज असलेल्या रुग्णाला दाखल करण्यासाठी) ज्या दोन स्वतंत्र तपासण्या लागतात, त्यांपैकी मानसोपचारतज्ज्ञाव्यतिरिक्तची दुसरी तपासणी तिला करता येते. हा अधिकार लहान नव्हे. मात्र कलम १०६ सांगते की आपल्या व्यवसायक्षेत्रात न बसणारे औषध किंवा उपचार कोणीही सुचवू नयेत. त्यामुळे एम.एस्सी. झाली तरी तुमच्या सहीने औषधाची चिठ्ठी निघणार नाही.

टेक्सासमधले पेडणेकर यांचे उत्तर

मी पेडण्याचा असून येथे मानसोपचाराच्या नर्स प्रॅक्टिशनर या पदावर काम करतो. अध्यापिकाबाईंनी लिहिलेले योग्यच आहे. त्यात थोडी भर घालतो.

ही भूमिका दोन निराळ्या परंपरांतून घडली. हिल्डगार्ड पेप्लाऊ १९५४ मध्ये रटगर्स विद्यापीठात आल्या आणि तिथे त्यांनी मानसोपचार परिचर्येचे पदव्युत्तर शिक्षण उभे केले. त्याचा गाभा परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील संवाद हा होता. दुसरीकडे १९६५ मध्ये कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी बालकांच्या सेवेसाठी पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम सुरू केला; त्यात शारीरिक तपासणी आणि निदान यांवर भर होता. आजच्या पदवीत हे दोन्ही शिकावे लागते, आणि माझ्या मते अलीकडच्या घाईच्या अभ्यासक्रमांत पहिला भाग आक्रसत चालला आहे. प्रमाणनासाठी किमान दोन मानसोपचार पद्धतींचे प्रशिक्षण आवश्यक असते, पण काही ठिकाणी ते कागदापुरतेच उरते.

शिक्षणाचा पाया तीन विषयांचा : प्रगत विकृतिशरीरक्रियाशास्त्र (आजारात शरीराचे कार्य कसे बिघडते याचे शास्त्र), प्रगत शारीरिक तपासणी आणि प्रगत औषधशास्त्र. मानसोपचारात शरीर कशाला एवढे शिकायचे, असे मला सुरुवातीला वाटे. याचे उत्तर आपल्याच मातीतल्या उदाहरणाने देतो. डिचोलीतला एखादा बांधकाम कामगार बायपोलर आजारासाठी लिथियम घेतो आहे असे समजा. मे महिन्याच्या उन्हात त्याला जुलाब होतात, अंग दुखते म्हणून तो फार्मसीतून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणतो, आणि दोन-तीन दिवसांत त्याचे हात थरथरू लागतात, चाल अडखळते, जीभ जड होते. गोव्यात अशा माणसाला पाहून लोक पहिल्यांदा काय म्हणतील, ते तुम्हाला ठाऊक आहे. तो प्यायलेला नाही. शरीरातले पाणी कमी झाल्याने आणि वेदनाशामकामुळे मूत्रपिंडांतून लिथियम बाहेर टाकले जाणे मंदावले आहे. रक्तातली त्याची पातळी लिटरमागे साधारण ०.६ ते १.२ मिलिमोलच्या दरम्यान असावी लागते आणि ती शेवटच्या मात्रेनंतर बारा तासांनी मोजायची असते. पण विषबाधेचा संशय आला, तर त्या बारा तासांची वाट पाहत बसायचे नसते. ओळखण्यापासून औषध थांबवून रुग्णाला हलवण्यापर्यंतची ही साखळी स्वतःच्या जबाबदारीवर पूर्ण करता येणे, हा त्या पदव्युत्तर शिक्षणाचा अर्थ आहे.

अधिकारांबाबतही भ्रम नसावा. इथे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. टेक्सासमध्ये औषधे लिहिण्यासाठी मला डॉक्टरांशी लेखी करार ठेवावा लागतो, आणि लक्ष न लागणाऱ्या मुलांना दिले जाणारे मेथिलफेनिडेटसारखे औषध बाह्यरुग्ण विभागात मी लिहूच शकत नाही. शेजारच्या न्यू मेक्सिकोत माझ्याच पात्रतेच्या व्यक्तीला अशा कराराची गरज पडत नाही. येण्याचा क्रम सांगायचा, तर प्रमाणपत्रांचे मूल्यमापन, एनसीएलईएक्स (केंद्र मुंबईत किंवा बेंगळुरूत गाठावे लागेल), इंग्रजीची परीक्षा, व्हिसाची लांबलचक प्रतीक्षा, आणि इथे परिचारिका म्हणून स्थिरावल्यावर दोन-तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण. मुलगी तोवर मोठी झालेली असेल. कुटुंबासह कायमचे स्थलांतर करायचे नसेल, तर केवळ या पदवीसाठी हा मार्ग धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हापशाचे मानसोपचारतज्ज्ञ यांचे उत्तर

चर्चा औषधाच्या चिठ्ठीभोवती फिरते आहे, म्हणून लिहितो. तालुक्याच्या ठिकाणी मला उणीव जाणवते ती चिठ्ठी लिहिणाऱ्याची नव्हे. ती भासते रुग्ण तीन महिन्यांनी का आला नाही याचा माग काढणाऱ्या, क्लोझापीन हे औषध घेणाऱ्याची रक्ततपासणी वेळेवर झाली का ते पाहणाऱ्या, दारू अचानक सोडलेल्या माणसाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाताचा (भ्रमाचा) झटका येण्याआधी ओळखणाऱ्या व्यक्तीची. हे काम उत्तम प्रशिक्षित परिचारिका माझ्यापेक्षा चांगले करते.

समुपदेशनासाठीही परदेशी पदवी लागते असे नाही. ‘संगत’ या संस्थेने गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतच दाखवून दिले आहे की पूर्वी या क्षेत्रात नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण आणि नियमित देखरेख मिळालेल्या समुपदेशकांनी थोडक्या सत्रांत दिलेल्या उपचारांचा तीव्र नैराश्याच्या आणि अपायकारक मद्यपानाच्या रुग्णांना उपयोग होतो. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शिवाय ही सत्रे रुग्णाच्या बोलीत व्हावी लागतात. कोंकणी आणि मराठी दोन्ही सहज बोलणारी वाळपईची परिचारिका इथे आधीच दोन पावले पुढे आहे.

औषधे लिहिण्याचा अधिकार परिचारिकांना सरसकट देण्यास माझा विरोध आहे.

फोंड्याच्या अध्यापिका यांचे उत्तर

डॉक्टरसाहेब, सरसकट कोणीच मागत नाही. परंतु स्थिर झालेल्या रुग्णाची ठरलेली औषधे, लेखी कार्यप्रणालीनुसार आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, प्रशिक्षित परिचारिकेने पुढे चालू ठेवण्यास हरकत काय असावी? ब्रिटनमध्ये अतिरिक्त प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका २००६ पासून आपापल्या क्षमतेच्या क्षेत्रातली जवळजवळ सर्व औषधे स्वतंत्रपणे लिहीत आहेत. २०१७ च्या कायद्यातले कलम ३१ सरकारला सांगते की मानसिक आरोग्य व्यावसायिकांची संख्या कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याचा प्रयत्न करावा. कायदा लागू झाला २०१८ च्या मे महिन्यात. म्हणजे मुदत २०२८ ची. तोवर मानसोपचारतज्ज्ञ कुठून आणणार? तुम्ही सांगितलेला माग काढण्याचा भाग मान्य आहे, पण सगळी जबाबदारी परिचारिकेची आणि निर्णय मात्र एकही तिचा नाही, ही विभागणी मला पटत नाही.

वाळपईची परिचारिका यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. सल्लागार संस्थेकडे मी लेखी पत्र मागितले. त्यांनी ‘आधी नोंदणी शुल्क भरा’ असे उत्तर दिले, तेव्हा तो विषय मी बंद केला आहे. आता एकच शंका उरते. मला शिकवण्यापेक्षा रुग्णांबरोबर राहायचे आहे. मग एक वर्षाची पदविका पुरे, की एम.एस्सी.च करावी?

फोंड्याच्या अध्यापिका यांचे उत्तर

रुग्णांबरोबरच राहायचे असले, तरी परिस्थिती जमत असल्यास एम.एस्सी. करावी, असे मी म्हणेन. पदविकेत वॉर्डातले काम उत्तम शिकता येते आणि घरापासून एकच वर्ष दूर राहावे लागते. परंतु उद्या आपल्याकडे मानसोपचारासाठी नर्स प्रॅक्टिशनरची भूमिका आलीच, तर अतिदक्षतेच्या अभ्यासक्रमाप्रमाणे तीही पदव्युत्तर पातळीवरच असण्याची शक्यता अधिक आहे. परिचर्येसाठी नवा राष्ट्रीय आयोग स्थापणारा कायदा २०२३ मध्ये संमत झालेला आहे, त्यामुळे नियम बदलतील तेव्हा पदवी हाताशी असलेली बरी. संस्था निवडताना प्राध्यापकांच्या यादीपेक्षा विद्यार्थिनींना विचारा की बाह्यरुग्ण विभागात त्यांना नवीन रुग्णाची पहिली मुलाखत घेऊ देतात का, व्यसनमुक्ती आणि बालमानसोपचार विभागांत त्यांची पाळी लागते का, आणि त्यांनी घेतलेल्या सत्रांवर बसून चर्चा करणारे कोणी वरिष्ठ असते का. या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर बाकीच्या गैरसोयी सोसाव्यात.

नोकरीचे म्हणाल, तर राजीनामा देऊ नका. सरकारी सेवेत असल्याने आधी अभ्यासरजेसाठी आणि ना हरकत प्रमाणपत्रासाठी अर्ज करा, आणि परत आल्यावर किती काळ सेवा देण्याचा बाँड लिहून द्यावा लागेल, हे आस्थापना विभागाकडून लेखी घ्या. प्रवेश अर्जाची मुदत आणि रजेची मंजुरी यांचा मेळ बसणे हीच खरी अडचण असते, म्हणून रजेचा अर्ज प्रवेश परीक्षेच्या निकालाची वाट न पाहता द्यावा. आणि एम.एस्सी. होण्याची वाट न पाहता राज्य प्राधिकरणाकडच्या कलम ५५ च्या नोंदणीची चौकशी याच महिन्यात करा, तुमच्या बी.एस्सी.वरही ती मागता येते.