डॅशकॅमसाठी फ्यूज बॉक्स उघडायला एवढं काय घाबरायचं?

तारतम्य

गाडीत डॅशकॅम, ट्रॅकर किंवा मागचा कॅमेरा नंतर बसवायचा विषय निघाला की सल्ला ठरलेला असतो: फ्यूज बॉक्सला हात लावू नका, सिगरेट-लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसा आणि विषय संपवा. मला हे पटत नाही. वस्तू कमी करंट खाणारी असेल तर नीट बसवलेला फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या खाचेत बसून तिथून नवी वायर काढून देणारा जोड, सॉकेटमधल्या हलत्या प्लगपेक्षा चांगला. आणि हार्नेसची (गाडीतल्या वायरींच्या मूळ जुडग्याची) वायर मध्येच सोलून तिला दुसरी वायर गुंडाळायची, वर टेप मारायची, या प्रकारापेक्षा तर कितीतरी चांगला.

फ्यूज वस्तू वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे. टॅपमध्ये दोन फ्यूज बसतात, एक गाडीचा मूळ आणि दुसरा आपल्या नव्या वायरीचा. डॅशकॅम साधारण पाच वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टवर अर्धा अँपिअरही नाही. त्याला २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज पुरतो. उद्या ती बारीक वायर कुठे चेपली आणि बॉडीला टेकली, तर हा छोटा फ्यूज उडेल. मूळ सर्किटला पत्ताही लागणार नाही.

फक्त टॅपची दिशा बघायची. मूळ फ्यूज काढा, सर्किट चालू स्थितीत ठेवा आणि मल्टिमीटरने बघा की खाचेच्या दोन पकडींपैकी कुठल्या बाजूला १२ व्होल्ट येतात. टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना सामाईक आहे तो त्या बाजूला. उलटा बसवलात तर नव्या वस्तूचा करंटही मूळ फ्यूजमधूनच जातो. गंमत म्हणजे उलटा बसवला तरी सगळं चालतं, त्यामुळे कुणी तपासत नाही.

सैलजोड

दिशेबद्दल बरोबर. बाकी सहमत नाही.

सगळी भिस्त तुम्ही फ्यूजवर ठेवलीय. फ्यूजला फक्त त्याच्यातून जाणारा करंट कळतो. शेजारची पकड सैल होऊन तापतेय, हे त्याला कळत नाही. हिशेब करा: मूळ सर्किटवर १० अँपिअर चालू आहेत आणि टॅपच्या पायापाशी जोड खराब होऊन ०.१ ओहम रोध तयार झाला. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे १० वॅट उष्णता, प्लास्टिकच्या ठोकळ्यात, एका नखाएवढ्या जागेत. करंट मात्र ठरल्याएवढाच, त्यामुळे १५ चा फ्यूज शांत बसून राहील. वितळलेले फ्यूज बॉक्स बघा, आत फ्यूज बऱ्याचदा धड असतो.

शिवाय १० चा फ्यूज १० वर उडतो हा गैरसमज. ब्लेड फ्यूजच्या मानकानुसार ११० टक्के करंट त्याने १०० तास तरी सोसला पाहिजे, आणि १३५ टक्क्यांवर उडायला १० मिनिटांपर्यंत वेळ घेतला तरी तो मानकात बसतो. दुप्पट करंट झाला की मग तो पाच सेकंदांच्या आत जातो.

आता सॉकेटबद्दल. चार्जरच्या पुढची वायर ५ व्होल्टची असते आणि चार्जर तिला दोन-तीन अँपिअरपेक्षा जास्त देऊच शकत नाही. ती चेपली तर चार्जर बंद पडतो, बस. फ्यूज बॉक्सपासून निघालेली तुमची वायर मात्र किटच्या डबीपर्यंत, म्हणजे १२ चे ५ व्होल्ट होतात तिथपर्यंत, थेट बॅटरीच्या जिवावर असते. सॉकेटला नावं ठेवताना हा फरक तुम्ही सोयीस्करपणे गाळलात.

चालकमालक

सैलजोड यांना +१. मधला मार्ग आहे की! ओबीडी पोर्टला, म्हणजे मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो त्या पोर्टला, लावायची तयार केबल मिळते. दहा मिनिटांचं काम, काही उघडायचं नाही.

किल्लीवाली

ओबीडी हा मधला मार्ग कसा काय? त्या पोर्टची १६ नंबरची पिन बॅटरीशी कायम जोडलेली असते, किल्ली काढली तरी जिवंत. म्हणजे केबलमध्ये स्वतःची कट-ऑफ (व्होल्टेज घसरलं की पुरवठा तोडणारी सोय) नसेल तर बॅटरी उतरणं आलंच. पोर्ट बहुतेक गाड्यांत पेडलच्या वर, गुडघ्याजवळ असतो, प्लगला पाय लागतो. गाडी तपासायला आणली की मेकॅनिक तो प्लग उपटून टेबलावर ठेवतो आणि परत लावायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही. प्लगमध्ये फक्त करंटच्या पिना असतील तर एकवेळ ठीक. पण ६ आणि १४ या कॅन बसच्या, म्हणजे गाडीचे कंट्रोलर ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात त्यांच्या, पिना आहेत. एखादा ट्रॅकर त्यांच्यावर बडबडत राहिला तर ते कंट्रोलर झोपतच नाहीत आणि बॅटरी खात राहतात.

माझा मूळ आक्षेप वेगळाच आहे. टॅप की सॉकेट यावर तुम्ही दोघं भांडताय आणि खरी भानगड पार्किंग मोडची आहे. लोक फ्यूज बॉक्सकडे वळतात ते कशासाठी? गाडी बंद असतानाही कॅमेरा चालावा म्हणून. कॅमेरा पाव अँपिअर खात असेल तर २४ तासांत ६ अँपिअर-तास गेले. गाडीचं स्वतःचं, झोपेतलं खाणं ५० मिलिअँपिअर धरलं तर रोज आणखी १.२. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत जवळजवळ अर्धी. आणि हा हिशेब नव्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीचा.

त्यात किटवरच्या कट-ऑफचा विनोद. ११.८ व्होल्टला बंद होण्याचा पर्याय देतात. साधी लेड-अॅसिड बॅटरी निवांत असताना १२.६ च्या वर असली तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे संपलीच. तिथे कॅमेरा बंद झाला काय आणि न झाला काय, स्टार्टर फिरणार नाही. स्टार्टरची बॅटरी क्षणभर प्रचंड करंट द्यायला बनवलेली असते, रोज खोलवर रिकामी व्हायला नाही. असं सतत केलं तर ती लवकर मरते.

तारतम्य

किल्लीवाली, हिशेब मान्य. पण ते पार्किंग मोडच्या विरोधात झालं, फ्यूज बॉक्सच्या नाही. किल्लीवर चालू-बंद होणारी खाच निवडली, पार्किंग मोड सोडून दिला, की तुमचा अख्खा प्रतिसाद मला लागू होत नाही. पार्किंग मोड हवाच असेल तर कट-ऑफ १२.२ च्या खाली नको. माझं तर म्हणणं १२.४ ठेवा, चार तास कमी चित्रण झालं तरी चालेल. काहीजण कॅमेऱ्यासाठी वेगळी लिथियम बॅटरी बसवतात. ती गाडी चालू असताना भरते आणि मुख्य बॅटरीला झळ लागत नाही.

सैलजोड, ५ व्होल्टचा मुद्दा तुमचा. म्हणूनच किटची डबी फ्यूज बॉक्सच्या जवळ ठेवायची, म्हणजे १२ व्होल्टची वायर वीतभर आणि पुढची सगळी धाव ५ व्होल्टची. पण उष्णतेचा तुमचा हिशेब जरा उलटा लावून बघा. ते १० अँपिअर माझ्या कॅमेऱ्याचे नाहीत, मूळ सर्किटचे आहेत. कॅमेऱ्याचे ०.४ अँपिअर त्याच ०.१ ओहममधून नेले तर उष्णता ०.०१६ वॅट. म्हणजे प्रश्न टॅप लावायचा की नाही हा नसून कुठल्या खाचेत लावायचा हा आहे. ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, तापणारी सीट, असली खादाड सर्किटं सोडा. ज्याचं स्वतःचं काम एखाद-दोन अँपिअरचं आहे तिथे लावा.

सैलजोड

आणि खाच हलक्या सर्किटची आहे हे कसं ओळखायचं? फ्यूजवर १० लिहिलंय म्हणून? तो आकडा वायरीच्या कुवतीचा, प्रत्यक्ष खाण्याचा नव्हे. झाकणावरची चित्रं बघून छपन्न अर्थ निघतात.

रिले_८७

मी पोटापाण्यासाठी गाड्यांचं वायरिंग करतो, त्यामुळे माझं मत दोन्ही बाजूंना थोडं टोचेल.

टॅप वाईट नाही. टॅपच्या नावाखाली जे चालतं ते वाईट आहे. फ्यूजच्या पायाला उघडी तार गुंडाळून तो परत खाचेत ठोकलेला असतो. पकड एकदा फाकली की पुन्हा आवळत नाही, आणि मग सैलजोड म्हणतात तसं तापणं सुरू होतं. दुसरं, मापच चुकीचं. मिनी, लो-प्रोफाइल मिनी, मायक्रो-२ हे लांबून सारखे दिसतात. मायक्रो-३ ला तर तीन पाय असतात. दाबून बसला म्हणजे बरोबर बसला असं नाही. तिसरं, फ्यूज उडतोय म्हणून मोठा घालणं. लाल १० चा काढून पिवळा २० चा घातला की त्या सर्किटच्या वायरीच फ्यूज झाल्या!

एअरबॅग, एबीएस, स्टिअरिंग, इंजिनचा कंट्रोलर, फ्युएल पंप, या खाचांना हात लावायचा नाही. यावर चर्चा नको. पिवळे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे समजा. टेस्ट लॅम्प तिथे टेकवूसुद्धा नका, तो स्वतः करंट ओढतो.

वायर कुठून नेली याबद्दल इथे अजून कुणी बोललंच नाही. डॅशकॅमची वायर काचेच्या बाजूच्या खांबातून वर जाते आणि बऱ्याच गाड्यांत तिथेच पडदा एअरबॅग दुमडून ठेवलेली असते. वायर तिच्या पुढून गेली तर एअरबॅग उघडताना ती आडवी येणार. मागून, मूळ हार्नेसच्या बाजूने न्यायची आणि त्यालाच बांधायची. फ्यूज टॅपवरून तासभर वाद घालणारी माणसं ही वायर बोटाने फटीत कोंबून मोकळी होतात.

अर्थ बॉडीच्या मूळ बोल्टवर घ्या, रंग लागलेल्या स्क्रूवर नको. नवीन गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर सेन्सर असतो. अर्थ थेट त्या टोकावर घेतलात तर तुमचा करंट सेन्सरला दिसतच नाही आणि बॅटरी किती भरलीय याचा गाडीचा अंदाज चुकतो.

जास्त लोड असेल तर मात्र फ्यूज बॉक्स विसरा. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट, नऊ अँपिअरच्या वर. हॉर्न, अॅम्प्लिफायर, टायरचा पंप, सगळे याच पंक्तीतले. त्यांना बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ तिचा फ्यूज. दिवे आणि हॉर्न असतील तर मध्ये रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या पिना: ३० वर करंट, ८७ वर दिवा, ८५-८६ ला कॉइल. बटणाकडून रिलेला लागतात जेमतेम १५०-२०० मिलिअँपिअर. तेवढ्यासाठी टॅप खुशाल वापरा.

चालकमालक

इतकं वाचून मी तर सॉकेटच बरं म्हणतो.

सैलजोड

रिले_८७, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. अटी मोजा: माप बरोबर हवं, दिशा बरोबर हवी, सर्किट हलकं हवं, अर्थ योग्य जागी, वायर एअरबॅगच्या मागून, कट-ऑफ वर ठेवलेली. या सगळ्या पाळणारा माणूस सल्ला विचारायला येत नाही. जो विचारतो त्याला मल्टिमीटर कसा धरायचा हेही माहीत नसतं. त्याला 'टॅप सुरक्षित आहे' म्हणणं हा बेजबाबदारपणा आहे. त्याच्यासाठी सॉकेट, नाहीतर जाणकाराकडे जाणं. आणि उद्या वॉरंटीत कंट्रोलर गेला की पहिलं बोट तुमच्या टॅपवर. तो निर्दोष होता हे पटवत बसणं तुमच्या गळ्यात.

तारतम्य

वॉरंटीचं खरं आहे, वाद नाही. पण ज्याला मल्टिमीटर धरता येत नाही तो तुमच्या 'हात लावू नका'ने थांबतो का? तो अॅक्सेसरीच्या दुकानात जातो, आणि तिथे दहा मिनिटांत कुठल्या तरी वायरीला चावा घेणारी क्लिप लावून देतात. ती क्लिप तारेचे चार-दोन धागे कापते, आत ओल शिरते, आणि तो जोड नेमका कुठे आहे हे पुढच्या मेकॅनिकला कधीच सापडत नाही. टॅप निदान डोळ्यांसमोर असतो. उपटला की गाडी होती तशी. टॅप म्हणजे काय, कुठल्या खाचा वर्ज्य, हे ग्राहकाला माहीत असेल तर तो दुकानात निदान 'वायर कापू नका' एवढं म्हणू शकतो. बंदीच्या भाषेत सल्ला दिला की हे सांगायचंच राहून जातं.

किल्लीवाली

दुकानाच्या मुद्द्यावर तारतम्य यांच्याशी सहमत. हार्नेसवरच्या त्या क्लिपा मीही काढल्यात, हिरव्या पडलेल्या.

एक प्रश्न रिले_८७ यांना. फ्यूज बॉक्समध्ये रिकाम्या खाचा असतात, वरच्या मॉडेलच्या सुविधांसाठी ठेवलेल्या. मूळ सर्किटला धक्का न लावता त्यातली एखादी वापरली तर?

रिले_८७

मिळाली तर उत्तम, पण प्रत्येक रिकामी खाच कामाची नसते. काहींत पकडीच बसवलेल्या नसतात, नुसतं प्लास्टिक. काहींत एका बाजूला करंट येतो, तेवढं आपल्याला पुरतं, कारण टॅपचा सामाईक पाय त्या बाजूला बसतो आणि दुसरा पाय मोकळा राहतो. टॅपची मूळ फ्यूजची जागा मग रिकामीच ठेवायची, तिथे फ्यूज घालायचा नाही.

ती किल्लीवरची आहे की कायमची, हे बघताना घाई करू नका. गाडी बंद करून लगेच मीटर लावला तर बरीच सर्किटं जिवंतच दिसतात, कंट्रोलर उशिरा झोपतात. दारं लॉक करा, किल्ली लांब ठेवा, अर्धा तास थांबा, मग मोजा. बॉनेट किंवा दार उघडं ठेवून मोजायचं असेल तर त्याचं कुलूप आधी स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलून ठेवा, नाहीतर गाडी जागीच राहील. परत उघडण्याआधी ते कुलूप सोडायला विसरू नका, दार त्याच्यावर आपटलं तर काम वाढेल.

सैलजोड

रिकामी खाच असेल तर माझा निम्मा विरोध मागे, कारण तिथे मूळ सर्किटचा करंट नाही आणि ०.४ अँपिअरने काही तापत नाही. भरलेल्या खाचेबद्दल मत तेच. तारतम्य, 'हलकं सर्किट कसं ओळखायचं' याचं उत्तर अजून आलेलं नाही.

तारतम्य

क्लॅम्प मीटर (वायरीभोवती धरून करंट मोजणारा) फ्यूज बॉक्समध्ये शिरत नाही, म्हणून फ्यूजवरचा व्होल्टेज-ड्रॉप, म्हणजे त्याच्या दोन टोकांमधला व्होल्टचा फरक, मोजायचा. प्रत्येक ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात ते त्यासाठीच. ते सर्किट ज्या वस्तूचं आहे ती चालू करा आणि मीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन्ही ठिपक्यांना टेकवा. कुठल्या फ्यूजवर किती मिलिव्होल्ट म्हणजे किती अँपिअर, याचे तक्ते मिळतात. फ्यूज काढावाही लागत नाही.

सैलजोड

हे चांगलं आहे. मूळ धाग्यात टाका, दिशेच्या परिच्छेदाच्या आधी.